शंभरावर अल्बम काढणारा रॉबर्ट पोलार्ड: कुठून सुरुवात करावी?

अर्धवट_वाचक

मंडळी, जरा मदत हवीय.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या पोरानं स्वतःच्या कानातला इअरबड काढून माझ्या कानात कोंबला आणि म्हणाला, "काका, हे ऐका." दीड मिनिटाचं गाणं. आवाज असा, की शेजारच्या बिऱ्हाडात कुणी दार लावून वाजवतंय आणि आपण भिंतीला कान लावलाय. पण चाल अशी चिकटली की सोसायटीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "साहेब, इन्क्रीमेंट झालं वाटतं." गाणं 'गेम ऑफ प्रिक्स', बँड गायडेड बाय व्हॉइसेस, गाव अमेरिकेतलं डेटन, ओहायो. गाणी लिहिणारा रॉबर्ट पोलार्ड.

तिथंच थांबायला हवं होतं. पण मला खोड आहे. दिवाळी अंकसुद्धा मी संपादकीयापासून जाहिरातींसकट वाचतो. ठरवलं, या माणसाचं सगळं पहिल्यापासून क्रमानं ऐकायचं. एक्सेलमध्ये तक्ता केला. १९८६ ची पहिली ईपी (म्हणजे छोटा अल्बम) 'फॉरएव्हर सिन्स ब्रेकफास्ट', मग १९८७ चे दोन अल्बम, असं करत निघालो. तक्ता भरता भरता घाम फुटला. नुसत्या बँडच्याच अल्बमांनी चाळिशी ओलांडलेली. त्याच्या स्वतःच्या नावावरचे वेगळे. शिवाय बॉस्टन स्पेसशिप्स, सर्कस डेव्हिल्स, एअरपोर्ट ५, लाइफगार्ड्स, कीन ब्रदर्स, रिक्ड विकी, टीनेज गिटार. हे सगळे म्हणजे तोच, बरोबरची माणसं तेवढी बदललेली. २०१७ मध्ये 'ऑगस्ट बाय केक' आला तेव्हाच तो त्याचा शंभरावा अल्बम म्हणून मोजला गेला. नंतर थांबला म्हणाल, तर २०१९ मध्ये तीन, २०२० मध्ये तीन, २०२३ मध्ये परत तीन.

मी १९८९ वर अडकलोय. रोज रात्री जेवण झालं की तक्ता उघडतो आणि बंद करतो. बायको विचारते, कर्जाचे हप्ते बघताय का.

तर प्रश्न असे. क्रमानं ऐकण्यात काही अर्थ आहे का? नसेल तर कुठून धरावं? आणि खरं सांगा, एवढं सगळं बाहेर काढायलाच हवं होतं का?

तिसरी_घंटा

रुमाल टाकून ठेवतेय. शाळा सुटली की लिहिते.

चहाटळ

तक्ता शेअर करा. त्यात 'ऐकून झालं', 'ऐकतोय' आणि 'पुढच्या जन्मी' असे तीन रकाने टाकू.

खमंग_काकडी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही.

आपल्या इथे कुणी रोज एक धागा काढला की आपण म्हणतो ना, जिलब्या पाडतोय? हा माणूस जागतिक दर्जाचा हलवाई आहे. 'वॉर्प अँड वूफ' घ्या, २०१९. चोवीस गाणी, चाळीस मिनिटांच्या आत. मी चार वेळा ऐकला. सहा गाणी आठवतात. उरलेली अठरा कुणासाठी? निवड करणं हे कलावंताचं काम आहे. ते न करता सगळं श्रोत्याच्या अंगावर ओतायचं आणि वर लोकांनी 'काय ती प्रतिभा' म्हणायचं, हे मला पटत नाही.

रात्रपाळी

आला का काकडी. धागा आता शंभरी गाठणार.

अर्धवट_वाचक, तो तक्ता आजच्या आज डिलीट करा. क्रमानं ऐकणारे लोक पहिल्या चार अल्बमांतच गळतात, कारण तेव्हा हा बँड स्वतःला शोधत होता. १९९० पर्यंत एक ईपी आणि चार अल्बम स्वतःच्या खिशातून काढून झाले होते. डेटनमध्येही फारसं कुणी विचारत नव्हतं. पोलार्ड चौथीच्या वर्गाला शिकवायचा, घरी दोन मुलं, आणि छंदापायी डोक्यावर कर्ज. १९९२ मध्ये त्यानं ठरवलं की आता हा शेवटचा, आणि 'प्रोपेलर' काढला. फक्त ५०० प्रती. छपाईचा खर्च वाचवायला कव्हरं हातानं केली. मित्र आणि घरचे मिळून रंग, कात्री, डिंक घेऊन बसले, त्यामुळे दोन प्रती सारख्या नाहीत. आज त्यातली एक प्रत हजारो डॉलरला जाते.

त्या अल्बमची सुरुवात ऐका. हजारो लोक 'जी-बी-व्ही, जी-बी-व्ही' अशी बँडची आद्याक्षरं ओरडताहेत. सगळं खोटं! यांनीच ओरडून रेकॉर्ड केलेलं. ऐकायला काळं कुत्रं नाही आणि बँडनं स्वतःचा जयघोष स्वतःच भरून ठेवलाय. पुढे तीनच वर्षांत खरे लोक खऱ्या हॉलमध्ये हेच ओरडायला लागले, ते आजतागायत. मला हा प्रसंग सगळ्या गाण्यांइतकाच आवडतो.

म्हणून माझं मत: 'प्रोपेलर'पासून धरा, मग 'बी थाउजंड' (१९९४) आणि 'एलियन लेन्स' (१९९५). या तिघांत सगळं आहे. हे पचलं तर पुढे या, नाही पचलं तर काही बिघडत नाही.

पडवीतली_मांजर

रात्रपाळी, तुझ्यासारख्या लोकांमुळेच नवीन माणूस पळून जातो. कायम तेच तीन अल्बम. ते सुंदर आहेत, मान्य, पण नवख्या कानाला तो फक्त बिघडलेला रेडिओ वाटतो. माझ्या आईनं स्वयंपाकघरातून 'बी थाउजंड' ऐकला आणि विचारलं, "मिक्सर दुरुस्तीला टाकायचाय का गं?"

मी या बँडपर्यंत पोचले 'स्क्रब्ज' या मालिकेतून. त्यात 'होल्ड ऑन होप' वाजलं होतं. ते १९९९ च्या 'डू द कोलॅप्स'मधलं. द कार्स या बँडच्या रिक ओकॅसेकनं निर्मिती केलेला अल्बम, म्हणजे चकचकीत काम. त्यानंतर २००१ चा 'आयसोलेशन ड्रिल्स'. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. आवाज स्वच्छ, गिटारी भरदार, आणि गाण्यांत एका मोडत चाललेल्या संसाराचं सावट. 'ग्लॅड गर्ल्स' ऐकून नाचावंसं वाटतं आणि पुढच्याच गाण्याला गप्प बसावंसं वाटतं. गायक एलियट स्मिथ सुद्धा वाजवून गेलाय त्यात.

खमंग_काकडी

'होल्ड ऑन होप' खुद्द पोलार्डलाही आवडत नाही, एवढं सांगून थांबतो.

पडवीतली_मांजर

म्हणजे निवड त्यानं करावी असं तुझंच म्हणणं होतं ना? त्याच्या हातात असतं तर हे गाणं गेलं असतं आणि मी हा बँड कधीच ऐकला नसता.

चहाटळ

खिक्. मांजरीनं काकडी खाल्ली.

कॅसेटवाला_नाना

त्या आवाजाविषयी दोन शब्द. हे लोक ज्या यंत्रावर गाणी भरायचे तशा यंत्रावर मी पंधरा वर्षं काम केलंय. सांगलीकडे लग्नाचे ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं, शाळांची गॅदरिंग असलं सगळं भरून द्यायचो.

चार ट्रॅकची मशीन म्हणजे आपली नेहमीची कॅसेटच. नेहमीच्या कॅसेटवर एका बाजूला दोन पट्ट्या, डावी आणि उजवी, आणि पालटल्यावर उरलेल्या दोन. ही मशीन चारही पट्ट्या एकाच दिशेनं वापरते. म्हणजे एकीवर ड्रम, दुसरीवर गिटार, तिसरीवर बेस, चौथीवर गळा. झालं, संपल्या. अजून एक गिटार घालायची असेल तर गळा भरायच्या आधीच पहिल्या तीन एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, म्हणजे त्या तीन मोकळ्या होतात. पण उतरवताना टेपची सूं सूं पण उतरते. आणि एकदा उतरवलं की परत वेगळं करता येत नाही. ड्रम जोरात झाला असेल तर जन्मभर जोरात. या मुलांनी तळघरात आणि गॅरेजमध्ये बसून असं शेकडो वेळा केलंय, हे आवाजावरूनच कळतं.

नातवानं मला 'बी थाउजंड' लावून दिला. पहिल्याच गाण्यात, 'हार्डकोर यूएफओज' नाव त्याचं, मधेच गिटार नाहीशी होते. गळा एकटाच पुढे चालत राहतो, आणि थोड्या वेळानं गिटार परत येते, जणू काही झालंच नाही. मी हातातला चहा खाली ठेवला. अशी टेप मी गिऱ्हाइकाला दिली असती तर पैसे सोडाच, मार खाल्ला असता. यांनी ती अल्बमच्या अगदी सुरुवातीला लावली! दोन दिवस मला राग होता. तिसऱ्या दिवशी परत ऐकलं, तर गिटार जाते तिथं मी नकळत पुढे वाकून बसलो होतो.

रात्रपाळी

नाना, दंडवत. हे वाचायला मिळावं म्हणून तरी इथे येतो.

पुढची गंमत सांगतो. सुरुवातीला हा आवाज गरिबीतून आला होता. पण 'बी थाउजंड' गाजल्यावर मॅटाडोर या मोठ्या कंपनीनं 'एलियन लेन्स'साठी लाख डॉलरच्या आसपास आगाऊ दिले. आणि पोलार्ड सांगतो की तो अल्बम भरायला खर्च आला दहा डॉलर. म्हणजे परवडत असतानाही तेच तळघर आणि तीच मशीन. अठ्ठावीस गाणी, ४१ मिनिटं. 'सिगारेट ट्रिक्स' अठरा सेकंदांचं. 'हिट' तेवीस सेकंदांचं. 'एक्स-सुपरमॉडेल'मध्ये मागे कुणीतरी चक्क घोरतंय, तेही ठेवलंय.

चहाटळ

आमच्याकडे सत्यनारायणाची आरती भरली होती, त्यात आजोबा घोरताहेत. आम्हीही इंडी, म्हणजे घरगुती बाण्याचा बँड, आहोत तर.

ओहायोकर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठीच.

मी नऊ वर्षं डेटनजवळ राहतो. इथे आलो तेव्हा या गावाविषयी एवढंच माहीत होतं की राइट बंधू इथले. गाव तसं थकलेलं आहे. एके काळी कॅश रजिस्टरचा कारखाना, मोटारींचे कारखाने, सगळं जोरात होतं. जवळच्या मोरेनचा मोटारींचा मोठा कारखाना २००८ मध्ये बंद झाला. पोलार्ड वाढला तो उत्तरेकडच्या नॉर्थरिजमध्ये. साधी कामगार वस्ती. त्या रस्त्यांवरून गाडी नेली की त्या गाण्यांतली तळघरं, गॅरेजं दिसायला लागतात. एकमजली घरं, पुढे हातभर हिरवळ, बाजूला गॅरेज.

अजून एक. माणूस कॉलेजात बेसबॉल खेळायचा. राइट स्टेट विद्यापीठाकडून पिचर (चेंडू टाकणारा) होता, आणि एका सामन्यात त्यानं समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही. असा सामना म्हणजे आपल्याकडे एका डावात दहाच्या दहा बळी घेण्यासारखं समजा. स्टेजवर तो माइकची वायर धरून गरागरा फिरवतो, डोक्याएवढी उंच लाथ मारतो, तेव्हा तो खेळाडू दिसतो. बाजूला बिअरचा कूलर, मागे 'द क्लब इज ओपन' अशी निऑनची पाटी. ती 'एलियन लेन्स'च्या पहिल्या गाण्यातली ओळ आहे.

मी त्यांना एकदाच पाहिलं. अडीच तास. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ होते, हातात वहीचा कागद. प्रत्येक गाणं सुरू झालं की त्यावर लिहीत होते. मी म्हटलं, सगळी ओळखता? म्हणाले, नाही, जी ओळखत नाही तीच लिहितोय.

अर्धवट_वाचक

हा कागदवाला माणूस म्हणजे मीच. माझा तक्ता तिकडे पोचला कसा?

तिसरी_घंटा

आले एकदाची. आज पालकसभा होती.

मला या सगळ्यात एकच गोष्ट सारखी दिसते: पोलार्ड चौदा वर्षं चौथीला शिकवत होता. मी पण चौथीला शिकवते, जिल्हा परिषदेच्या शाळेत. चौथीच्या मुलांकडून काय मिळतं हे बाहेरच्यांना कळणार नाही. काल एका मुलानं निबंधात लिहिलं, "आमची म्हैस रागावली की ढगासारखी होते." आता या माणसाच्या गाण्यांची नावं बघा. 'गोल्ड स्टार फॉर रोबॉट बॉय', म्हणजे यंत्रमानव पोराला शाबासकीची चांदणी. ते वर्गाबाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. वहीवर चिकटवायची चांदणी आहे ती.

तो पुष्कळदा आधी नाव लिहितो आणि मग त्या नावाचं गाणं शोधतो. आम्ही वर्गात हेच करतो. फळ्यावर चार शब्द, करा गोष्ट. तीस मुलं, तीस गोष्टी, त्यातल्या पंचवीस बऱ्या, चार भन्नाट, आणि एक म्हैस. काकडीदादा, ती म्हैस यायला तीसही गोष्टी लागतात. चारच मुलांना लिहायला लावलं असतं तर मिळाली नसती.

खमंग_काकडी

ताई, युक्तिवाद सुंदर आहे. पण तुम्ही तीसच्या तीस गोष्टी शाळेच्या हस्तलिखितात छापता का? नाही ना? म्हैस छापता. माझं म्हणणं एवढंच आहे.

कोपऱ्यातला_टेबल

अवांतर: आपल्या बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. लहानपणी वाचनालयात आम्ही पुस्तक निवडायचो नाही, हाताला येईल ते न्यायचो. कुठली चांगली, कुठली कमी, असा विचार कुणी केला नाही. झुंजार भेटला की पैसे वसूल. पोलार्डकडे तसं बघता येईल का?

खमंग_काकडी

अर्नाळकरांच्या पुस्तकात दर वेळी खून तरी व्हायचा. इथे कधी कधी गाणं सुरू झालं हेच संपल्यावर कळतं.

कोपऱ्यातला_टेबल

हसून हसून पुरेवाट. हे मात्र मान्य.

रात्रपाळी

काकडी, आता नीट उत्तर देतो, कारण तू मुद्द्याचं बोलतोयस.

'बी थाउजंड' हा त्याचा सर्वांत नावाजलेला अल्बम. तो आला कुठून? त्यातली कितीतरी गाणी वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या कॅसेटांतल्या तुकड्यांपासून उभी केलीत. कुठलं कडवं इकडचं, कुठली चाल तिकडची. त्या वेळी न जमलेला माल. चांगला निवडक कलावंत म्हणून त्यानं ते टाकून दिलं असतं तर 'बी थाउजंड' नसता. या कॅसेटा तो खरोखरच एका सूटकेसमध्ये ठेवायचा. म्हणून २००० मध्ये 'सूटकेस' नावाचा संच निघाला. चार सीडी, शंभर न वापरलेली गाणी, आणि प्रत्येक गाणं वेगवेगळ्या खोट्या बँडच्या नावावर. शंभर बँड! असे आणखी तीन संच आले. २०२१ चा 'अर्थ मॅन ब्लूज' पण नाकारलेल्या गाण्यांचाच, आणि तो अलीकडच्या उत्तम अल्बमांपैकी आहे. या माणसाकडे टाकाऊ असा प्रकारच नाही, 'अजून वेळ आली नाही' एवढंच आहे.

खमंग_काकडी

आणि 'बी थाउजंड'ची वीस गाणी कशी ठरली ते का गाळलंस? गाण्यांचा ढीग होता, क्रम लावून लावून पुन्हा मोडले, आणि क्लीव्हलंडच्या स्कॅट रेकॉर्ड्स या कंपनीचा रॉबर्ट ग्रिफिन त्यात बसला होता. म्हणजे कुणीतरी 'हे नको, ते घे' म्हणणारं होतं. चाळणी होती! ढीग असू दे की. माझी तक्रार ढिगाबद्दल नाही, चाळणी हरवली याबद्दल आहे. पुढे त्याची स्वतःची कंपनी झाली, नको म्हणणारं कुणी उरलं नाही. २००५ मध्ये त्यानं नुसत्या स्टेजवरच्या बडबडीचा रेकॉर्ड काढला. गाणी नाहीत, बडबड. त्याला कोण नाही म्हणणार?

रात्रपाळी

ग्रिफिनचा मुद्दा खरा आहे. मी मुद्दामच गाळला होता.

चहाटळ

स्क्रीनशॉट घेतला. रात्रपाळीनं मान्य केलं. तारीख लिहून ठेवा.

पडवीतली_मांजर

तुम्ही दोघं १९९४ च्या पुढे या हो. आताच्या बँडबद्दल कुणी बोलणार आहे का? गिटारवाला डग गिलार्ड परत आलाय. 'आय अॅम अ ट्री' हे मूळचं त्याचं गाणं. सोबत बॉबी बेअर ज्युनियर, मार्क शू, केव्हिन मार्च. २०१८ चा 'स्पेस गन' घ्या. त्या वर्षी बँडचा एकच अल्बम आला, आणि काकडीला हवी ती चाळणी त्यात दिसते. 'वॉर्प अँड वूफ' तर दौऱ्यावर हॉटेलच्या खोल्यांत, साउंडचेकला, चालत्या व्हॅनमध्ये भरलाय. ते कळल्यावर मला तो जास्त आवडला. साठी ओलांडलेला माणूस व्हॅनमध्ये बसून गातोय, बाहेर हायवे.

आणि ३१ डिसेंबर २०१९ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी एका रात्रीत शंभर गाणी वाजवली. शंभर! काकडी, तू असतास तर सहा आठवली असती.

खमंग_काकडी

सात. आरोग्यासाठी केलेल्या टाळ्या धरून.

ओहायोकर

त्याआधी २००४ च्या ३१ डिसेंबरला शिकागोत निरोपाचा कार्यक्रम केला होता, साठच्या वर गाणी वाजवून. मग २०१० मध्ये परत आले. २०१४ ला परत बंद. २०१६ ला परत सुरू, आणि त्या वेळच्या 'प्लीज बी ऑनेस्ट'वर सगळी वाद्यं त्यानं एकट्यानंच वाजवली. इथे डेटनमध्ये बँड फुटल्याची बातमी पावसाच्या अंदाजासारखी घेतात.

मधलीसुट्टी

मी नवीन सभासद. 'गेम ऑफ प्रिक्स' ज्यांना आवडलं त्यांनी 'टायगरबाँब' ईपीवरचं पण ऐका, १९९५ चं. तेच गाणं नव्यानं, नीट स्टुडिओत भरलंय. मला तेच जास्त आवडतं.

रात्रपाळी

स्वागत. पहिल्याच प्रतिसादात तलवार उपसलीत. 'एलियन लेन्स' अल्बमवरचंच खरं. टायगरबाँबवालं इस्त्री केलेलं आहे.

कॅसेटवाला_नाना

दोन्ही ऐकली. इस्त्री चांगली केलीय. पण भिंतीपलीकडून येणाऱ्या गाण्याला आपण कान लावतो, समोर बसून गाणाऱ्याला नुसतं ऐकतो. धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये तेच लिहिलंय, बघा.

अर्धवट_वाचक

तीन आठवड्यांनी परत येतोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः भांडणाऱ्यांचे.

तक्ता डिलीट केला. खरं सांगायचं तर आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला, मग परवा डिलीट केला. रात्रपाळी आणि मांजर दोघांचं ऐकलं, एक दिवस हा, एक दिवस तो. 'एलियन लेन्स' बरोबर वारज्यापासून हिंजवडीपर्यंत पुरतो, पाऊस नसेल तर. पाऊस असेल तर दोनदा. बसमध्ये 'हिट' तीन वेळा हुकलं, कारण तेवढ्यात कंडक्टरनं पास बघितला.

क्रमाचं म्हणाल तर मी उलटं केलं. आवडलेलं गाणं घ्यायचं आणि ते ज्या अल्बमवर आहे त्याच्या फक्त आजूबाजूचं ऐकायचं. 'सूटकेस'ला हात लावला नाही. शंभर खोट्या बँडांची नावं तेवढी वाचून काढली, अगदी जाहिराती वाचाव्यात तशी. तेवढ्यानं माझी खोड भागली.

बारा गाणी निवडलीत. आय अॅम अ सायंटिस्ट, एकोज मायरन, गोल्ड स्टार फॉर रोबॉट बॉय, स्मदर्ड इन हग्ज, गेम ऑफ प्रिक्स (अल्बमवरचं), मोटर अवे, हिट, टीनेज एफबीआय, होल्ड ऑन होप, ग्लॅड गर्ल्स, चेसिंग हेदर क्रेझी, स्पेस गन. बसमधल्या पोराला दाखवली तर म्हणाला, "काका, हे फार सोपं झालं." एवढ्या मेहनतीनंतर सोपं झालं!

तिसरी_घंटा

वा. रोबॉट बॉय आहे, माझं काम झालं.

पडवीतली_मांजर

होल्ड ऑन होप आहे. माझंही.

कॅसेटवाला_नाना

माझ्याकडे साठ मिनिटांची एक कोरी कॅसेट आहे, शेवटची. या बारांची भरून पाठवतो, पत्ता निरोपातून कळवा. मात्र वेळांची बेरीज केली. एका बाजूत तीस मिनिटं मावतात आणि ही बारा त्यावर मिनिटभर जातात. एक काढावं लागेल.

चहाटळ

उरलेलं दुसऱ्या बाजूवर टाका की नाना.

खमंग_काकडी

अजिबात नाही. एक बाजू, तीस मिनिटं. महिनाभर मी दुसरं काय सांगतोय? काढा होल्ड ऑन होप.

अर्धवट_वाचक

ते नाही काढता येत. बायकोला अख्ख्या यादीत तेवढंच आवडलंय.

रात्रपाळी

हिट काढा. नको, तेवीस सेकंदांनी काय होणार. टीनेज एफबीआय?

पडवीतली_मांजर

टीनेज एफबीआयला हात लावलास तर बघ. मोटर अवे काढ.

रात्रपाळी

मोटर अवे??

कॅसेटवाला_नाना

मी मशीनचं हेड पुसायला घेतोय. रविवारी दुपारी भरणार. तोवर ठरवा.